शेल बदलला आणि ‘कमांड नॉट फाउंड’ सुरू झालं: काय तपासायचं, कुठे थांबायचं

शेल म्हणजे टर्मिनलमध्ये टाइप केलेल्या आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम; बॅश, झेडएसएच आणि फिश हे त्याचेच प्रकार. आधी लक्षणं. यातलं एखादं जरी तुमच्या मशीनवर दिसत असेल तर पुढचं वाचा.

- कालपर्यंत चालणारी आज्ञा आज ‘कमांड नॉट फाउंड’ म्हणते. कोड एडिटरच्या आतल्या टर्मिनलमध्ये मात्र तीच आज्ञा बिनबोभाट चालते.
- नवा शेल लावला, खिडकी बंद करून पुन्हा उघडली, तरी जुनाच समोर येतो.
- सहकाऱ्याकडे चालणारी स्क्रिप्ट (आज्ञा लिहून ठेवलेली फाइल) तुमच्याकडे पहिल्या-दुसऱ्या ओळीतच अडते.
- वेब पत्त्यात प्रश्नचिन्ह आलं की झेडएसएच ‘नो मॅचेस फाउंड’ म्हणतो.
- पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बॅशमध्ये सुरू होतं, फिशमध्ये होत नाही.
- टर्मिनल उघडल्यावर प्रॉम्प्ट यायला काही सेकंद लागतात.
- मराठी नावाच्या फाइलींच्या जागी प्रश्नचिन्हं नाहीतर आकडे दिसतात.

या तक्रारी घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा एकच विचारतो, ‘मग कोणता शेल ठेवू? बॅश, झेडएसएच की फिश?’ प्रश्न रास्त आहे आणि माझं उत्तर पुढे दिलं आहे. पण अशी मशीनं मी सतत दुरुस्त करतो, आणि मूळ कारण ‘चुकीचा शेल निवडला’ हे क्वचितच निघतं. शेल या एका नावाखाली तीन कामं चालतात. तुम्ही ज्यात बसून टाइप करता तो एक. तुमच्या खात्याला जोडलेला, लॉगिनच्या वेळी सुरू होणारा दुसरा. आणि स्क्रिप्ट चालवणारा तिसरा, जो सहसा स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीवरून ठरतो. हे तिन्ही वेगवेगळे असू शकतात. लोक एक बदलतात आणि तिन्ही बदलले असं धरून चालतात, तिथून सगळं बिनसतं.

आज्ञा मी खाली उच्चाराने लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान लिपीत टाका. मोठी लिपी लागते तिथे तसं सांगितलं आहे.

आणि काहीही बदलण्याआधी एक नियम पाळा: एक चालू टर्मिनल उघडं ठेवा आणि सगळे बदल दुसऱ्या खिडकीत तपासा. बदल फसला तर जुन्या खिडकीतून परत फिरता येतं. ही सवय नसलेल्या लोकांचीच मशीनं माझ्याकडे जास्त येतात.

१. आत्ता नक्की कोणत्या शेलमध्ये आहात?

याला दहा सेकंद लागतात आणि निम्मे घोळ इथेच उलगडतात. बरेच जण इको देऊन मोठ्या लिपीतलं डॉलर-शेल बघतात. ते फसवं आहे. तो चल (म्हणजे किंमत साठवणारं नाव) तुमचा लॉगिन शेल सांगतो, समोर चालू असलेला नाही. तुम्ही बॅशमधून फिश सुरू केला असेल तरी तो बॅशच म्हणेल.

त्याऐवजी नुसतं पीएस टाइप करा. ही दोन अक्षरी आज्ञा तिन्ही शेलमध्ये सारखीच चालते आणि चालू प्रक्रियांची यादी देते. त्यात शेलचं नाव दिसतं. मॅकवर सगळ्या खिडक्यांचे शेल एकत्र दिसतात, म्हणून तिथे तपासण्यापुरत्या बाकीच्या खिडक्या मिनिटभर बंद करा. नावाआधी छोटी आडवी रेघ दिसली तर तो शेल लॉगिन शेल म्हणून सुरू झाला आहे. ही रेघ लक्षात ठेवा, चौथ्या तपासणीत ती कामाला येते.

विंडोजवर असाल तर हे आणखी महत्त्वाचं. तिथे पॉवरशेल, जुनं कमांड प्रॉम्प्ट, गिट बॅश आणि डब्ल्यूएसएल या विंडोजच्या आत लिनक्स चालवणाऱ्या सोयीतला उबुंटू हे चारही एकाच टर्मिनल अॅपच्या शेजारशेजारच्या टॅबमध्ये उघडतात आणि दिसतातही सारखे. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये दोन आज्ञा दोन अँपरसँडनी जोडल्या की ती ओळ चुकीची ठरते. पॉवरशेल ७ मध्ये चालते. शिवाय ५.१ मध्ये कर्ल म्हटलं की खरा कर्ल येत नाही, त्या नावामागे पॉवरशेलची स्वतःचीच वेगळी आज्ञा बसलेली असते. लिनक्ससाठी लिहिलेल्या सूचना त्यात चिकटवणाऱ्याला वाटतं की इन्स्टॉलेशन बिघडलं. बिघडलेलं काही नसतं. टॅब चुकलेला असतो.

२. आज्ञा कुठून चिकटवली?

मोबाइलच्या चॅटमधून किंवा वर्डच्या फाइलमधून आज्ञा उचलली असेल तर अवतरणचिन्हं नीट बघा. त्या ठिकाणी सरळ चिन्हांची आपोआप गोलाकार चिन्हं होतात, आणि दोन उणे चिन्हांची मिळून एक लांब रेघ होते. शेलच्या लेखी गोलाकार चिन्ह हे अवतरणचिन्हच नाही, साधं अक्षर आहे. डोळ्यांना फरक जवळजवळ दिसत नाही, म्हणून माणसं यावर तासभर घालवतात. संशय आला तर ती चिन्हं पुसून हाताने टाइप करा.

झेडएसएचमध्ये यात आणखी एक भर पडते. अनेक सूचनांमध्ये आज्ञेच्या वर हॅशने सुरू होणारी टिपणीची ओळ असते. बॅश ती सोडून देतो. झेडएसएचमध्ये हाताने टाइप केलेल्या ओळीत टिपणी मुळात चालत नाही, म्हणून तो हॅशलाच आज्ञा समजतो आणि ती सापडत नाही म्हणतो. डॉट झेडएसएचआरसी या सेटिंगच्या फाइलमध्ये सेटऑप्ट इंटरअॅक्टिव्ह-अंडरस्कोर-कमेंट्स ही एक ओळ टाकली की प्रश्न मिटला.

३. खिडकी बदलली, पण लॉगआउट केलं का?

लॉगिन शेल सीएचएसएच या आज्ञेने बदलतो. लिनक्सच्या डेस्कटॉपवर तो बदल लगेच दिसेलच असं नाही, कारण नवी खिडकी चालू सत्राकडून जुनी माहिती वारशाने घेते. पूर्ण लॉगआउट करून पुन्हा आत या. तरीही जुनाच शेल आला तर टर्मिनल अॅपची सेटिंग उघडा. तिथे ‘माझ्या शेलऐवजी ही आज्ञा चालवा’ अशा अर्थाची खूण आधीच कोणीतरी करून ठेवलेली असू शकते. कोड एडिटरच्या आतल्या टर्मिनलची निवड तर आणखी वेगळी असते, ती एडिटरच्याच सेटिंगमध्ये बघावी लागते. पहिलं लक्षण बहुतेकदा इथूनच येतं: एडिटरमध्ये बॅश चालू असतो, बाहेर झेडएसएच.

४. पाथ आणि सेटिंगची फाइल

इथे थोडं थांबून वाचा, कारण ‘कमांड नॉट फाउंड’चा सगळ्यात मोठा वाटा इथे आहे.

तुम्ही एखाद्या आज्ञेचं नाव टाइप केलंत की शेल आख्खी डिस्क शोधत बसत नाही. पाथ नावाच्या यादीत जी फोल्डरं आहेत तेवढीच तो क्रमाने बघतो, आणि पहिली सापडेल ती आज्ञा चालवतो. यादीत भर घालणारी ओळ प्रत्येक शेलच्या आपापल्या फाइलमध्ये असते. शेल बदलणं म्हणजे बिऱ्हाड हलवणं. गॅसचं कनेक्शन आपणहून नव्या पत्त्यावर येत नाही. जुन्या फाइलमधल्या ओळी जुन्याच फाइलमध्ये राहतात आणि नवा शेल तिकडे ढुंकूनही बघत नाही.

मॅकवाल्यांना हे २०१९ पासून सतत भोवतं. त्या वर्षी आलेल्या मॅकओएस कॅटालिनापासून नव्या खात्यांना बॅशऐवजी झेडएसएच मिळू लागला. जुन्या खात्यात बॅशच राहतो, पण टर्मिनल उघडलं की झेडएसएचकडे जा अशी सूचना येते. माणूस ती पाळतो, आणि त्याच्या डॉट बॅश-अंडरस्कोर-प्रोफाइल या बॅशच्या सेटिंगच्या फाइलमध्ये जमलेली सगळी सामग्री दिसेनाशी होते. आज्ञा गेलेल्या नसतात, फक्त त्यांचा पत्ता हरवलेला असतो.

कोणता शेल काय वाचतो ते असं:

बॅश लॉगिन शेल म्हणून सुरू झाला तर आधी ईटीसी या सिस्टिमच्या फोल्डरातली प्रोफाइल वाचतो. मग घरच्या फोल्डरात डॉट बॅश-अंडरस्कोर-प्रोफाइल, डॉट बॅश-अंडरस्कोर-लॉगिन आणि डॉट प्रोफाइल या क्रमाने शोधतो, आणि जी पहिली सापडेल तेवढीच वाचतो. साध्या खिडकीत, लॉगिन नसताना, तो डॉट बॅशआरसी वाचतो. यात एक सापळा आहे. उबुंटूवर मुळात डॉट प्रोफाइल असते आणि सगळं सुरळीत चालतं. एखादा इन्स्टॉलर, किंवा मॅकसाठीच्या सूचना वाचून तुम्ही स्वतः, तिथे डॉट बॅश-अंडरस्कोर-प्रोफाइल तयार करता. त्या क्षणापासून बॅश डॉट प्रोफाइल वाचणं बंद करतो. चूक दाखवणारा एकही संदेश येत नाही.

झेडएसएच डॉट झेडएसएचईएनव्ही नेहमी वाचतो, लॉगिनला डॉट झेडप्रोफाइल आणि खिडकीसाठी डॉट झेडएसएचआरसी. रोजच्या कामाला डॉट झेडएसएचआरसी पुरते. फिशचं सगळ्यात सोपं आहे: घरच्या डॉट कॉन्फिग फोल्डरात फिश, त्यात कॉन्फिग डॉट फिश, ही एकच फाइल नेहमी वाचली जाते.

मॅकचं टर्मिनल प्रत्येक खिडकीत लॉगिन शेल उघडतं, लिनक्सच्या डेस्कटॉपवरची टर्मिनलं सहसा तसं करत नाहीत. मगाची छोटी रेघ इथे उपयोगी पडते. एकच सेटिंग मॅकवर चालते आणि उबुंटूवर चालत नाही, याचं कारण बहुतेकदा हेच असतं.

आता दुरुस्ती. टाइप उणे-ए आणि पुढे आज्ञेचं नाव दिलं की त्या नावाच्या सगळ्या प्रती क्रमाने दिसतात. हे तिन्ही शेलमध्ये चालतं. काहीच दिसलं नाही तर जुन्या शेलमध्ये तेच विचारा आणि तिथून फोल्डर टिपून घ्या. मग नव्या शेलच्या फाइलमध्ये ते फोल्डर पाथला जोडा. फिशमध्ये यासाठी फिश-अंडरस्कोर-अॅड-अंडरस्कोर-पाथ अशी आज्ञा आहे. ती एकदा चालवली की कायमची लक्षात राहते. जुनी आख्खी फाइल नव्या फाइलमधून सोर्स करण्याचा, म्हणजे तिच्या ओळी जशाच्या तशा चालवण्याचा, मोह होतो, तो आवरा. तिच्यात फक्त बॅशला कळणाऱ्या ओळी असतात आणि त्या नव्या चुका घेऊन येतात. एक्सपोर्ट आणि एलियस या शब्दांनी सुरू होणाऱ्या ओळी तेवढ्या उचलून आणा.

मॅकवर होमब्रूच्या (प्रोग्राम बसवून देणाऱ्या साधनाच्या) आज्ञा गायब असतील तर फोल्डर बदललंय का ते बघा. इंटेलच्या मॅकवर होमब्रू यूएसआर-लोकलमध्ये बसतो, अॅपलच्या स्वतःच्या चिपवर ऑप्टमधल्या होमब्रू फोल्डरात. जुन्या मशीनवरून सेटिंग जशीच्या तशी आणली की जुना पत्ताच पुढे येतो.

पाथची ओळ लिहिताना तीन गोष्टी सांभाळा. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडू नका. घरच्या फोल्डरासाठी टिल्डा वापरत असाल तर त्याला अवतरणात टाकू नका. आणि नव्या फोल्डरासोबत जुना डॉलर-पाथ (पाथ मोठ्या लिपीत) लिहायला विसरू नका. तो राहिला तर एलएससारख्या प्राथमिक आज्ञाही मिळेनाशा होतात. तसं झालंच तर घाबरू नका, आज्ञा पूर्ण मार्गासकट टाइप केल्यावर चालतात. बिन फोल्डरातला एलएस, यूएसआर-बिनमधला नॅनो हा एडिटर. फाइल उघडा आणि ओळ नीट करा.

५. कोरा शेल उघडून बघा

अजून कारण सापडलं नसेल तर तुमच्या सेटिंगशिवाय शेल सुरू करा. बॅशला दोन उणेंसह नोआरसी आणि तसंच नोप्रोफाइल द्या, झेडएसएचला उणे-एफ, फिशला दोन उणेंसह नो-कॉन्फिग. कोऱ्या शेलमध्ये त्रास नाहीसा झाला तर दोष नक्की तुमच्या फाइलमध्ये आहे. मग निम्म्या ओळींपुढे हॅश लावून त्या बंद करा, तपासा, उरलेल्यातल्या निम्म्या बंद करा. पाच-सहा फेऱ्यांत नेमकी ओळ हाती लागते. आधी फाइलची प्रत करून ठेवा.

टर्मिनल उशिरा उघडण्याचा त्रासही असाच सुटतो. नोडच्या आवृत्त्या बदलणारं एनव्हीएम, कोंडा, आणि ओह माय झेडएसएचमध्ये हौसेने लावलेले ढीगभर प्लगइन हे नेहमीचे संशयित. प्लगइन काढून टाकायला जीवावर येतं हे मला माहीत आहे, पण महिनाभरात ज्याची एकही आज्ञा वापरली नाही ते खुशाल काढा.

अचानक वीज गेल्यानंतर झेडएसएच ‘करप्ट हिस्ट्री फाइल’ म्हणू लागला असेल तर घरच्या फोल्डरातली डॉट झेडएसएच-अंडरस्कोर-हिस्ट्री ही फाइल नाव बदलून बाजूला ठेवा, नवी आपोआप तयार होईल. जुनीतला मजकूर स्ट्रिंग्ज या आज्ञेने बाहेर काढता येतो, मात्र त्यात देवनागरी अक्षरं गळतात.

६. तीच ओळ, अर्थ वेगळा

इथून पुढच्या तपासण्यांना थोडं वाचन लागतं. शेल चालू आहे, आज्ञाही सापडते, पण ओळीचा अर्थ प्रत्येक शेल आपापल्या नियमाने लावतो.

प्रश्नचिन्ह, तारका आणि चौकटी कंस ही फाइलींची नावं जुळवायची चिन्हं आहेत. त्यांना जुळणारी फाइल नसेल तर बॅश ती चिन्हं जशीच्या तशी पुढे पाठवतो. झेडएसएच मात्र तिथेच थांबून ‘नो मॅचेस फाउंड’ म्हणतो. म्हणून प्रश्नचिन्ह असलेला वेब पत्ता किंवा पिप इन्स्टॉलमधलं चौकटी कंस असलेलं पॅकेजचं नाव झेडएसएचमध्ये अडतं. पूर्ण मजकूर सरळ एकेरी अवतरणात टाका. ते तिन्ही शेलमध्ये बरोबर आहे, त्यामुळे सवयच लावून घ्या. माझ्या मते झेडएसएचचं वागणंच जास्त सुरक्षित आहे. डिलीटच्या आज्ञेत नाव चुकलं तर तो पुढे जाण्याआधी अडवतो.

चल बिनअवतरणाचा वापरला तर बॅश त्यातल्या मोकळ्या जागांवर तुकडे करतो, झेडएसएच करत नाही. आणि अॅरेची (एका नावाखाली ठेवलेल्या यादीची) मोजणी बॅशमध्ये शून्यापासून, झेडएसएच आणि फिशमध्ये एकपासून. एका शेलमधला लूप दुसऱ्यात आणला आणि पहिला किंवा शेवटचा घटक चुकला, तर हेच कारण.

फिशची भाषा तर मुळातच वेगळी आहे. २०१८ च्या अखेरीस आलेल्या ३.० आवृत्तीपासून त्याला दोन अँपरसँड कळतात, ३.४ पासून डॉलर आणि गोल कंसही. तरी लूप डनऐवजी एंडने संपतो आणि हिअर-डॉक्युमेंट, म्हणजे आज्ञेला अनेक ओळींचा मजकूर जागीच देण्याची पद्धत, त्यात नाहीच. पायथनच्या एन्व्हायर्नमेंटचा उलगडा इथे होतो. बिन फोल्डरात अॅक्टिव्हेट नावाची जी फाइल आपण सोर्स करतो ती बॅशच्या भाषेत आहे. तिच्या शेजारीच अॅक्टिव्हेट डॉट फिश नावाची दुसरी फाइल असते. एलएस देऊन बघा, दिसेल. फिशमध्ये ती सोर्स करा.

७. स्क्रिप्ट कोण चालवतंय?

स्क्रिप्टची पहिली ओळ वाचा. हॅश, उद्गारचिन्ह आणि पुढे शेलचा मार्ग असेल तर डॉट-स्लॅश लावून चालवल्यावर तोच शेल वापरला जातो, तुम्ही कशातही टाइप करत असाल तरी. पण एसएच आणि पुढे फाइलचं नाव अशी आज्ञा दिलीत तर ती ओळ निव्वळ टिपणी ठरते आणि स्क्रिप्ट एसएच चालवतो.

उबुंटूमध्ये एसएच म्हणजे बॅश नव्हे. २००६ च्या ६.१० आवृत्तीपासून तिथे डॅश नावाचा छोटा, चपळ शेल आहे; डेबियननेही तो २०११ मध्ये घेतला. डॅशला दुहेरी चौकटी कंस कळत नाहीत, अॅरे कळत नाहीत. ‘बॅड सबस्टिट्यूशन’ किंवा दुहेरी कंसापुढे ‘नॉट फाउंड’ दिसलं तर एसएचऐवजी बॅश म्हणून चालवा. अल्पाइन या छोट्या लिनक्सवर आधारलेल्या डॉकर कंटेनरमध्ये बॅश सहसा नसतोच, तिथे एसएचवरच भागवावं लागतं.

मॅकवर उलट तऱ्हा आहे. बॅश आहे, पण ३.२. बॅशच्या ४.० पासून परवाना जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीवर गेला आणि अॅपल त्याच्या आधीच थांबली. त्यामुळे डिक्लेअर उणे मोठा-ए लिहून केलेला नावांचा अॅरे तिथे ‘इनव्हॅलिड ऑप्शन’ म्हणून नाकारला जातो. होमब्रूमधून नवा बॅश घ्या आणि स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ईएनव्हीमार्फत बॅश मागवा.

‘बॅड इंटरप्रिटर’ आणि शेवटी टोपीसारखं चिन्ह व मोठा एम दिसला तर फाइल विंडोजवर सेव्ह झालेली आहे. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर जास्तीचं बसलं आहे. डॉसटूयुनिक्स चालवा, किंवा एडिटरमध्ये ओळींचा शेवट एलएफ करून सेव्ह करा.

क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, स्क्रिप्ट चालत नसेल तर पाथ आठवा. क्रॉनचा पाथ अगदी तोकडा असतो आणि तुमच्या सेटिंगच्या फाइली तो वाचत नाही. आज्ञांचे पूर्ण मार्ग लिहा.

८. मराठी नावांच्या फाइली

आपल्याला हे लागतं, आणि सर्वसाधारण मदतीत हे कोणी सांगत नाही. लोकेल आज्ञा द्या, ती भाषेची आणि लिपीची सेटिंग दाखवते. लँगच्या किमतीच्या शेवटी यूटीएफ-८ असायला हवं. ते नसेल, जसं कापून-छाटून बसवलेल्या सर्व्हरवर अनेकदा नसतं, तर एलएस मराठी नावाच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा ३४० २४४ २५६ असे आकडे दाखवतो. ३४० २४४ २५६ म्हणजे ‘म’: देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि ते तीन बाइट तुम्हाला अष्टमान पद्धतीत दिसताहेत. फाइल शाबूत आहे. नाव बदलायला किंवा डिलीट करायला जाऊ नका, लोकेल नीट करा.

लोकेल बरोबर असूनही झेडएसएचमध्ये ‘मुंबई’ टाइप करताना म-च्या पुढे कोनी कंसात ०९४१ आणि ०९०२ दिसत असेल, तर तो उकार आणि अनुस्वार सुटे दाखवतो आहे. अक्षरावर चढणारी चिन्हं टर्मिनलला जमतील की नाही याची झेडएसएचला खात्री नसते. सेटऑप्ट कंबाइनिंग-अंडरस्कोर-चार्स ही ओळ डॉट झेडएसएचआरसीमध्ये टाका. कर्सर जोडाक्षरांवर किंचित पुढे-मागे राहू शकतो, तो भाग टर्मिनल अॅपचा आहे. दुसरं अॅप वापरून बघा.

मग ठेवायचा कोणता?

दिवसभर सर्व्हरवर ये-जा असेल, किंवा नुकतंच शिकत असाल, तर बॅश. १९८९ पासून तो आहे, जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर सापडतो, आणि सूचना त्याच्याच भाषेत लिहिलेल्या असतात. मॅकवर असाल तर आहे तो झेडएसएच राहू द्या. बॅशच्या सवयी त्यात बहुतांश चालतात, आणि टॅब दाबून नाव पूर्ण करणं जास्त समजूतदार आहे. स्वतःच्या मशीनवर तासन्‌तास टाइप करणाऱ्याला मी मनापासून फिश सुचवतो: काही न बसवता, जुन्या आज्ञा आठवून पुढचा मजकूर तो फिकट रंगात सुचवतो, आणि चुकलेली आज्ञा एंटर दाबण्याआधीच लाल दिसते.

पण फिशला लॉगिन शेल करू नका. टर्मिनल अॅपच्या सेटिंगमध्ये सुरुवातीची आज्ञा म्हणून फिशचा पूर्ण मार्ग द्या आणि खात्याचा लॉगिन शेल बॅश किंवा झेडएसएच आहे तसा ठेवा. काही प्रोग्राम तुमच्या लॉगिन शेलला एसएचच्या भाषेत आज्ञा पाठवतात, फिशला त्या कळत नाहीत आणि दोष भलतीकडेच दिसतो. स्क्रिप्ट मात्र बॅशमध्ये किंवा साध्या एसएचमध्येच लिहा, ती दुसऱ्याच्या मशीनवरही चालायची असते.

तरीही सीएचएसएच करायचंच असेल तर त्या शेलचा मार्ग ईटीसीमधल्या शेल्स या फाइलमध्ये आहे का ते आधी बघा. नसेल तर आज्ञा नकार देते. होमब्रूने बसवलेल्या शेलसाठी तो मार्ग हाताने घालावा लागतो. आणि तो शेल पुढे अनइन्स्टॉल करण्याआधी लॉगिन शेल परत बॅशवर आणा. ते राहिलं तर लॉगिन करताना सुरू करायला शेलच सापडत नाही आणि खात्याचं दार बंद होतं.

इथे थांबा

लॉगिनच होत नसेल आणि मशीनवर दुसरं अॅडमिन खातं असेल, तर त्यातून सुडोने (अॅडमिनच्या अधिकाराने आज्ञा चालवून) तुमच्या खात्याचा शेल बॅशवर आणता येतो. दुसरं खातं नसेल तर रिकव्हरी मोडमध्ये जावं लागतं. ते तुम्ही आधी कधी केलं नसेल, किंवा डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल, तर जाणत्या माणसाला बोलवा. घाईत ईटीसीमधली पासडब्ल्यूडी फाइल हाताने बदलू नका. एक कोलन इकडचा तिकडे झाला तरी त्या ओळीचं खातं हातचं जाऊ शकतं.

रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याचा, लॉगिन शेल बदलू नका. एसएचची जोडणी डॅशवरून दुसऱ्या कशाकडे वळवू नका, सिस्टिमच्या स्वतःच्या स्क्रिप्ट तिच्यावर चालतात. परवानगीची चूक आली म्हणून सगळ्यांना सगळं मोकळं करणारी ७७७ ची परवानगी देऊ नका. झेडएसएचचा असुरक्षित फोल्डरांचा इशारा मुळात तशाच ढिल्या परवानग्यांमुळे येतो.

कंपनीचं मशीन असेल आणि सीएचएसएच ‘हे खाते पासडब्ल्यूडी फाइलमध्ये नाही’ अशा अर्थाचं काही म्हणत असेल, तर तुमचं खातं मध्यवर्ती सर्व्हरवरून येतं. तिथे तुमच्या हातात काही नाही, आयटी विभागाकडे तिकीट टाका. लांबच्या सर्व्हरवर फक्त एसएसएचनेच (नेटवर्कवरून टर्मिनलद्वारे) जाता येत असेल तर शेल बदलण्याचा प्रयोग तिथे करूच नका.

टॅब दाबल्यावर बॅश ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ म्हणाला तर हा शेलचा बिघाड नाही, डिस्क भरली आहे. डीएफ उणे-एच देऊन खात्री करा आणि जागा मोकळी करा. पण एलएससारख्या साध्या आज्ञेला ‘इनपुट-आउटपुट एरर’ येत असेल तर डिस्कच जाते आहे असं समजा. पुढची एकही तपासणी करू नका. महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवता येत असतील तर तेवढ्या उतरवा, मशीन बंद करा आणि हार्डवेअर बघणाऱ्याकडे न्या.

त्याच्याकडे किंवा आयटीकडे जाताना चार गोष्टी लिहून न्या: पीएसमध्ये दिसलेलं शेलचं नाव, चूक दाखवणारा संदेश अक्षर न अक्षर, शेवटी काय बसवलं किंवा बदललं, आणि कोऱ्या शेलमध्ये त्रास होतो की नाही. संदेशाचा फोटो काढलात तरी चालेल, फक्त त्याच्या वरची आज्ञाही चौकटीत येऊ द्या.